सागवानी कपाट नको, दादा

बुलढाणा,
ता. ६ फेब्रुवारी १९६९

दादा,

मी खुशाल आहे हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं पत्र तुम्हाला काळजी न करता मोकळेपणानं रागावून वाचता येईल.

कचरूला पुन्हा पाठवू नका. तो तुमचा सालदार, त्याचा यात काय दोष? खानावळीच्या दारात उभा राहून "आशाबाई, मालकानं बलावलं, चाला" एवढंच म्हणत राहिला. मी म्हटलं, "कचरू, आधी जेव." तो जेवला आणि गेला. मी येणार नाही हे त्याला जेवतानाच समजलं होतं. तुम्हाला समजायला वेळ लागेल, म्हणून लिहिते आहे.

खानावळ तानाबाईंची. दवाखान्यात दाई होत्या, आता मास्तर-कारकुनांना जेवू घालतात. मी त्यांच्याकडे दोन्ही वेळच्या भाकरी थापते आणि मागच्या खोलीत राहते. उकंडराव पाटलांची बहीण लोकांच्या भाकरी थापते म्हणून तुमची मान खाली गेली असेल. तुमच्या घरी दहा वर्षं थापल्या, तेव्हा ती ताठ होती.

आता त्या गोष्टीबद्दल. गावातल्या कुणीतरी तुम्हाला सांगितलं की, तुमची बहीण वाचनालयात बसून एका मुसलमानाशी हातवारे करत भांडत होती. खरं आहे. ते रज्जाकभाई. बाजारात घड्याळं दुरुस्त करतात आणि दुपारी दुकानाला फळी लावून वाचायला येतात. भांडण खुनाबद्दल होतं. कादंबरीतल्या. रज्जाकभाईंचं म्हणणं, दिवाणजीनं खून केला हे पहिल्यापासून दिसतच होतं. माझं म्हणणं, लेखकानं शेवटी कुणीतरी सापडायला हवं म्हणून त्या दिवाणजीला अडकवलं. ते म्हणाले, "बाई, हे मले पटत नाही. पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचली. अजूनही माझंच खरं आहे.

तुम्ही ओसरीवर सगळ्यांसमोर विचारलंत, "काऊन गेली व तिथं?"

मी म्हटलं, "पुस्तक बदलाले."

"घरात पुस्तकं नाहीत?"

घरात दिवाळीत आणलेली एक कादंबरी सोडली, तर पोथ्या होत्या, पंचांगं होती आणि तुमच्या शाळेतला इतिहास होता. नवरा वारल्यावर मी तुमच्या घरी आले, तेव्हापासून त्या इतिहासाची मी इतकी पारायणं केली होती की कोणता राजा कोणत्या ओळीत मरतो हे मला पाठ होतं. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून बंद." मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाले.

त्या वाचनालयात मी प्रथम गेले ते तुमच्याच कामानं. वहिनीच्या डोळ्यांचं औषध आणायला तुम्ही मला बुलढाण्याला पाठवलं होतंत. एसटी चुकली. समोर पाटी होती, सर्वांसाठी खुले. मी ती पाटीच वाचत उभी होते. आतून ग्रंथपाल वामनराव बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, पाटी एवढा वेळ वाचताय, तर आत येऊन पुस्तक वाचा की."

"सर्वांसाठी म्हणजे बायांसाठीपण?" मी विचारलं.

ते म्हणाले, "सर्वांत कोण येत नाही ते तुम्हीच सांगा."

मी आत गेले. बाहेर यायची माझी इच्छा नाही.

तुमची बहीण,
आशा


बुलढाणा,
ता. २७ फेब्रुवारी १९६९

दादा,

तुमचा निरोप मिळाला. मी परत यावं, झालं गेलं विसरायचं, आणि तुम्ही मला सागवानी कपाट करून देणार. काचेची दारं, आत नवी पुस्तकं, मी म्हणेन ती. मग वाचनालयाची गरजच काय?

हा निरोप मी दोनदा ऐकला. वाईट मनानं तो दिलेला नाही हे मला कळतं. म्हणून नीट उत्तर देते.

मागच्या दिवाळीत तुम्ही मला एक कादंबरी आणून दिलीत. अकोल्याहून, कोरी. मला केवढा आनंद झाला होता! दुपारी चुलीजवळ बसून मी ती वहिनीला वाचून दाखवत असे. ती भाजी निवडता निवडता ऐके. तिला अक्षर येत नाही, पण गोष्ट तिच्याइतकी नीट ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तीच मला म्हणाली, "थांबा आशाबाई, काहीतरी चुकलं. ती जत्रेत गेली होती ना? मंग एकदम घरात कशी काय?"

मी पानांचे आकडे पाहिले. मधली पानं नव्हती. शिवणीजवळ बोट फिरवलं तर ब्लेडनं कापल्याची सरळ धार लागली. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "छापखान्याची चूक असन."

दादा, तीच कादंबरी वाचनालयात आहे. कव्हर गेलेलं, कोपरे झिजलेले, एका पानावर हळदीचा डाग. पण पानं सगळी आहेत. मी ती उभ्यानंच वाचली. मला वाटलं होतं, तुम्ही कापली म्हणजे त्यात काय भयंकर असेल! त्यात एक विधवा बाई जत्रेत जाते आणि हिरव्या बांगड्या भरते. घरी आल्यावर सासू विचारते, हे काय? ती म्हणते, "मला आवडल्या." एवढंच. यासाठी तुम्ही दाढीचं ब्लेड वाया घालवलंत.

आता सांगा, तुमच्या कपाटात मी कोणतं पुस्तक निर्धास्त उघडू? प्रत्येक पुस्तकाच्या शिवणीवरून आधी बोट फिरवत बसू?

आणि समजा, तुम्ही शपथ घेतलीत की पुन्हा कापणार नाही. तरीही कपाट नको. मी म्हणेन ती पुस्तकं आणाल, पण मला जी ठाऊकच नाहीत ती मी कशी म्हणणार? इथं मी प्रवासवर्णन शोधायला जाते आणि शेजारचं मधमाश्यांवरचं पुस्तक हाताला लागतं. मधमाश्यांशी माझा काय संबंध? पण ते पुस्तक घेऊन मी असं काही बसले की तानाबाईंच्या भाकरीला उशीर झाला आणि बोलणी खाल्ली. तो उशीर मला तुमच्या कपाटात कुठून मिळणार?

इथं नकाशांचं एक मोठं पुस्तक आहे. टेबलावरच ठेवलेलं असतं, उचलायचं तर दोन माणसं लागतात. असलं पुस्तक कोण विकत घेईल? पण इथं ते माझं आहे, रज्जाकभाईंचं आहे, शाळेतून सुटलेल्या पोरांचं आहे. त्यात बुलढाणा टिंबाएवढं आहे. आपलं देऊळघाट नाहीच. गावात आपलं घर किती मोठं, हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलं. त्या नकाशासमोर मी बराच वेळ हसत होते.

वर्तमानपत्रंही तिथं एकाहून जास्त येतात. आपल्या घरी येतं ते एक, तेही तुम्ही वाचून झाल्यावर, बायकांच्या हातात येईतो त्यात हरभरे बांधलेले. इथं एकाच सभेची बातमी एका पत्रात हजारोंची गर्दी म्हणून छापून येते आणि दुसऱ्यात रिकाम्या खुर्च्या म्हणून. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की माणूस आपोआप विचारायला लागतो. तुम्हाला माझी भीती वाटते ती यामुळेच, पुस्तकांमुळे नव्हे.

शिवाय कपाटातलं पुस्तक कधीही वाचता येतं, म्हणून वाचायचं राहून जातं. इथलं परत करावं लागतं. माझ्यामागं कुणीतरी त्याची वाट पाहत असतं. ज्याला मी कधी पाहिलेलं नाही, त्या माणसासाठी मी हात धुऊन पुस्तक धरते. असा संबंध तुमच्या काचेच्या दाराआड जुळत नाही.

सागवान वहिनीच्या धान्याच्या कोठीला वापरा. जुनीला घुशी लागल्या आहेत.

आशा


बुलढाणा,
ता. १५ एप्रिल १९६९

दादा,

काल तुम्ही म्हणालात, "यापुढं मले दादा म्हणू नको." तरी मी वर दादाच लिहिलं आहे. तुमच्या बाकीच्या बंद्या मी मानल्या नाहीत, तशी हीपण मानत नाही.

जे झालं ते तुम्ही घरी वेगळं सांगितलं असेल. वहिनी हे पत्र कुणाकडून तरी वाचून घेईल, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

तुम्ही चपला न काढता आत आलात. वाचणारी दहा-बारा माणसं होती. तुम्ही दारातूनच ओरडलात, "आशे! चाल घरी. लय झालं!"

वामनराव उठले. "पाटीलसाहेब, जरा हळू. इथं वाचन चालू आहे."

"मी माह्या बहिणीले नेऊन राह्यलो. तुमी मधात पडू नका."

"बहिणीला विचारा, यायचं असेल तर येतील. हातातलं पुस्तक तेवढं ठेवून जायचं."

मागं कुणीतरी हसलं. तिथं तुमचा राग वाढला. तुम्ही त्यांना माझं नाव काढून टाकायला सांगितलंत. मोठ्या आवाजात म्हणालात, "मी तिचा भाऊ सांगून राह्यलो!"

वामनराव सडपातळ माणूस, तुमच्या खांद्याला लागतील. ते म्हणाले, "नाव त्यांनी घातलं. काढायचं झालं तर त्यांनी काढायचं. इथं भावाचं, नवऱ्याचं, बापाचं चालत नाही. सरकारनं आता ग्रंथालयांचा कायदा केला आहे, पण तो नसता तरी मी हेच म्हटलं असतं."

मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी उभी राहिले. टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तुम्हाला दिसलं असेल, तर पाहून घ्या. मला लपवायचं नाही. घरात बाबांच्या माघारी तुम्हीच बाप झालात, माझ्या आजारपणात रात्र-रात्र जागलात, हे मी विसरले नाही. म्हणून तर उभी राहिले. दुसरा कुणी असता तर बसूनच उत्तर दिलं असतं.

मी म्हटलं, "दादा, मी येत नाही. तुमचा राग खरा असन, पण चुकीचा हाय."

"लोकं काय म्हणून राह्यले ठाऊक हाय तुले?"

"ठाऊक हाय. ज्यानं सांगतलं त्यालेही इथंच घेऊन या. तो काय वाचते ते पाहू."

यावर तुम्ही ते दादा न म्हणण्याचं बोलून निघून गेलात.

तुम्ही गेल्यावर मी रडले. तेही सर्वांसमोर. कुणी समजूत घातली नाही, आणि त्यांचे उपकार की घातली नाही. सगळ्यांनी माना खाली घालून आपापलं वाचणं धरलं. बऱ्याच वेळानं रज्जाकभाई पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बाई, पान उलटा. कधीचं तेच पान हाय."

मी पान उलटलं.

आशा


बुलढाणा,
ता. २ जुलै १९६९

दादा,

वहिनीला बोलू नका. तिला मी बोलावलं नव्हतं.

आज दुपारी वाचनालयाच्या दारात गोजरवहिनी उभी. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, हातात पिशवी. एकटी एसटीनं आली होती. लग्न होऊन आल्यापासून ती एकटी कधी शेतापर्यंत गेली नव्हती. मला वाटलं घरी काहीतरी वाईट झालं. मी धावत गेले. "वहिनी, काय झालं?"

ती म्हणाली, "मले ते मधातलं सांगा. जत्रेतलं. घर खायले उठलं हो आशाबाई. चुलीपाशी बसली का तेच ध्यानात येते, त्या बाईचं काय झालं असन?"

वामनरावांनी आम्हाला मागची खोली उघडून दिली. तिथं फाटक्या पुस्तकांना खळ लावून ती दाबून ठेवतात. वहिनी खुर्चीवर बसेना. जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि सवयीनं काहीतरी निवडायला हवं म्हणून पिशवीतल्या शेंगा काढून सोलायला लागली. मी वाचायला सुरुवात केली. झाडलोट करणाऱ्या भिमाबाई केरसुणी ठेवून दारात बसल्या. मग त्यांना शोधत त्यांची सून आली, तीही बसली.

तुम्ही पुढच्या एसटीनं आलात. आवाज न करता आलात. चपला बाहेर काढल्या होत्या.

मला वाटलं, आता पुन्हा तेच. पण तुम्ही काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "थांबा न जी. थोडंच राह्यलं."

आणि तुम्ही थांबलात. व्हरांड्यातल्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून बसलात. मी वाचत होते ती तुम्ही कापलेलीच पानं होती. मग मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. जत्रा, पाळणे, कासाराचं दुकान, सगळं. सासू विचारते, हे काय? ती म्हणते, "मला आवडल्या."

वहिनी हसली. तोंडाला पदर न लावता, खळखळून. भिमाबाईही हसल्या. तुम्ही तेव्हा मागं वळून पाहिलंत, दादा. पुस्तकाकडे नाही, माझ्याकडेही नाही. वहिनीकडे. एवढ्या वर्षांच्या संसारात ती तुमच्यासमोर अशी हसलेली मी तरी पाहिली नव्हती. तुम्हीही नसावी, कारण तुमचा चेहरा नव्या माणसाला पाहिल्यासारखा झाला होता.

प्रकरण संपल्यावर तुम्ही उठलात, "चाला" म्हणालात आणि तिला घेऊन गेलात.

घरी तुम्ही सांगाल की, एसटीची वाट पाहत बसलो होतो. सांगा. पण स्टँड रस्त्याच्या पलीकडं आहे आणि तिथंही बाक आहे.

आशा


बुलढाणा,
ता. २८ ऑक्टोबर १९६९

दादा,

तुमचं पत्र आलं. एवढ्या दिवसांत निरोप आले, माणसं आली, तुम्ही आलात, पण पत्र हे पहिलंच. तुमचं अक्षर अजून शाळेतल्यासारखं उभं आहे. मला ते पाहून बरं वाटलं, हे लिहायला मला लाज नाही.

तुम्ही लिहिता, मी घरी राहायला यावं. वाचनालयात जायला हरकत नाही. आठवड्यातून एकदा, कचरू सोबत येईल, दिवे लागायच्या आत परत यायचं, आणि आणलेलं पुस्तक तुम्ही आधी नजरेखालून घालणार, कापणार नाही, फक्त पाहणार.

फेब्रुवारीतल्या दादांनी हे लिहिलं नसतं. तुम्ही किती चालून आलात ते मला दिसतं. तरी माझं उत्तर नाही असंच आहे.

तुम्ही मला जे देता आहात, ते माझ्याकडे आधीच आहे. आणि तुमच्या हातून घेतलं तर ते उद्या परत मागता येतं. आज एकदा, मग महिन्यातून एकदा, मग वहिनीची तब्येत बरी नाही, मग पेरणी, मग कुणाचं लग्न. तुम्ही मुद्दाम कराल असं मी म्हणत नाही. घर असंच करतं, कुणी काही न करता. इथं मला वेळ मागावा लागत नाही. भाकरी झाल्या की मी पदर खोचते आणि जाते.

बातमी अशी की, मी बाहेरून मॅट्रिकला बसते आहे. सातवीवर थांबलेली बाई एवढ्या वर्षांनी भूमिती करते आहे. पुस्तकं सगळी वाचनालयातली, आणि प्रमेय अडलं की रज्जाकभाई. घड्याळांचे दाते मोजून मोजून त्यांचं गणित पक्कं आहे, पण समजावताना इतके चिडतात की विचारू नका. नापास झाले तर पुन्हा बसेन. हे मी परवानगीसाठी लिहीत नाही. कळवते आहे.

आणखी एक. बुधवारी दुपारी वामनरावांनी मागची खोली बायकांसाठी उघडी ठेवायचं ठरवलं आहे. मी वाचते. खाटकाच्या घरची गौसिया येते, सावकाराच्या सुना येतात, भिमाबाई येतात. पहिल्या दिवशी कुणी कुणाच्या शेजारी बसेना. दुसऱ्या गोष्टीच्या मध्यावर एकमेकींना कोपरानं ढोसून "आता पाह्य, आता हा मरते" म्हणायला लागल्या. वहिनी येऊ शकली नाही, तर तिला कारण तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.

दिवाळीला मी येते. पाहुणी म्हणून येईन, भाऊबीजेला ओवाळीन आणि दुसऱ्या दिवशी परत जाईन. पिशवीत वाचनालयाची दोन पुस्तकं असतील. एक वहिनीला वाचून दाखवायला, एक माझं. तुम्हाला वाचावंसं वाटलं तर बुलढाण्याला या, चपला काढा आणि वामनरावांकडे आपलं नाव घाला. माझ्या नावावरचं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. तसा नियम आहे, आणि भावासाठीसुद्धा तो मी मोडणार नाही.

आशा